अमाइन टॉवरला पुन्हा पुन्हा फेस येतोय? अँटीफोमचा कॅन उघडण्याआधी हे तपासा

पहाटे साडेचारला कंट्रोल रूममधून फोन येतो. "साहेब, टॉवरचा डीपी नाचतोय. गॅसमधला सीओटू सात टक्क्यांवर गेलाय. अँटीफोम टाकू का?" अमाइनच्या (गॅसमधला सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, शोषणाऱ्या द्रावणाच्या) प्लँटवर ज्यानं एखादा हंगाम काढलाय त्याला हा फोन पाठ असतो, आणि त्याचं उत्तरही. टाक. अर्ध्या तासात डीपी (टॉवरमधल्या दाबाचा फरक) खाली येतो, सीओटू जागेवर येतो, सगळे चहाकडे वळतात. दहा-बारा दिवसांनी पुन्हा तोच फोन.

आमच्याकडे हे जवळजवळ दोन हंगाम चाललं. त्यातून जे हाती लागलं ते लिहून ठेवतोय, कारण साखर कारखान्यांच्या आवारात आता सीबीजीचे (दाबून भरलेल्या बायोगॅसचे) प्लँट उभे राहतायत आणि ओळखीपाळखीतून हाच प्रश्न परत परत येतो.

आधी आमचा प्लँट समजून घ्या. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या आवारात, प्रेसमडवर, म्हणजे उसाचा रस गाळताना उरणाऱ्या गाळावर, चालणारा. डायजेस्टरमधून (तो कुजवायच्या टाकीतून) ताशी साधारण १००० घनमीटर गॅस निघतो, त्यात ४० टक्के सीओटू. हा गॅस पहिल्यांदा केलेटच्या स्क्रबरमधून जातो. तिथं लोखंडाचं केलेट हायड्रोजन सल्फाइड पकडून त्याचं गंधक करतं. मग ब्लोअर, मग नॉकआउट ड्रम (गॅसबरोबर आलेलं पाणी वेगळं करणारी टाकी), आणि मग अमाइनचा ॲब्सॉर्बर, म्हणजे आपला टॉवर. टॉवरच्या डोक्यातून मिथेन बाहेर पडतो तो कॉम्प्रेसरकडे. आयएस १६०८७ या भारतीय मानकाप्रमाणे विकायच्या गॅसमध्ये मिथेन किमान ९० टक्के हवा, सीओटू ४ टक्क्यांच्या आत हवा. म्हणजे मीटरवर सात दिसले की कॅस्केड (सिलिंडरांचा संच) भरणं बंद, गाडी गेटवर उभी आणि गॅस फ्लेअरला.

ताशी १००० घनमीटरमधले ४०० घनमीटर सीओटू म्हणजे सुमारे ७८५ किलो. तेवढा वायू टॉवरमध्ये ४०-४५ अंशाला द्रावणानं धरायचा आणि शेजारच्या रिजनरेटरमध्ये ११० अंशांच्या आसपास तापवून सोडायचा. धरायला गारवा, सोडायला ताप. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत बॉटम्स नावाच्या संशोधकांना तिचं पेटंट १९३० साली मिळालं, आणि ढाचा आजही तोच आहे. कुठलं अमाइन वापरता त्यावर वाफेचं बिल ठरतं. एमईए (मोनोइथेनॉलअमाइन) सीओटूला घट्ट मिठी मारतं: त्याच्या एका रेणूला दोन अमाइन लागतात, आणि सोडवायला दर मोलला ८५ किलोज्यूलच्या आसपास उष्णता. एमडीइए (मिथाइलडायइथेनॉलअमाइन) सैल धरतं, त्यामुळे सोडवणं स्वस्त, पण धरायला आळशी. म्हणून त्यात थोडं पायपराझिन हे चपळ अमाइन घालून त्याला चपळ करतात. आमचं द्रावण या दुसऱ्या जातीचं.

फेसाच्या प्रश्नासाठी या सगळ्यातली एकच गोष्ट डोक्यात ठेवा. द्रावण बंद चकरेत फिरतं. सीओटू येतो आणि जातो, पाणी वाफ होऊन जातं आणि आपण भरतो, पण बाकी जे आत शिरलं ते आतच राहतं. ब्लोअरचं तेल, गंधकाची भुकटी, गंजाचे कण, गेल्या वर्षी टाकलेलं अँटीफोम, सगळं. शुद्ध अमाइन आणि शुद्ध पाणी यांना टिकाऊ फेस येतच नाही. बुडबुडा येतो आणि लगेच फुटतो. त्याच्या पापुद्र्यावर जाऊन बसणारं, त्याला लवचीक करणारं तिसरं काहीतरी असलं तरच तो टिकतो. ते तिसरं कोण, एवढं शोधायचं.

पहिला प्रश्न: हा फेसच आहे का?

डीपी वाढला म्हणजे फेस, असं समजून अँटीफोम ओतणारे प्लँट मी पाहिलेत. डीपी म्हणजे टॉवरच्या पायथ्याच्या आणि डोक्याच्या दाबातला फरक. आमचा नेहमीचा ४० मिलिमीटर पाणी. टॉवरमधलं पॅकिंग (ज्यावर गॅस आणि द्रावणाची गाठ पडते ते भरण) गाळानं भरत असेल तर तो दोन-तीन महिन्यांत हळूहळू चढतो, ४० चा ५५, ५५ चा ७०, आणि गॅस कमी केला की हिशोबात कमी होतो. फेसाची चाल वेगळी. पाच मिनिटांत ४० चा १५०, मग ९०, मग पुन्हा १६०. ट्रेंडवर करवतीचे दात दिसतात. त्याच वेळी टॉवरच्या तळाची लेव्हल खाली जाते, कारण द्रावण वर फेसात अडकलेलं असतं. आणि टॉवरनंतरच्या सेपरेटरमध्ये अमाइन जमायला लागतं.

शंका असेल तर गॅस पंधरा-वीस टक्के कमी करा आणि दहा मिनिटं बघा. तेवढ्यानं न भागल्यास अँटीफोमची छोटी मात्रा द्या, पण औषध म्हणून नव्हे, तपासणी म्हणून. पाच-दहा मिनिटांत डीपी कोसळला तर फेसच होता. हलला नाही तर कॅन बंद करा आणि डिस्ट्रिब्युटर (द्रावण पॅकिंगवर पसरवणारा), पॅकिंग, लेव्हल ट्रान्समीटर यांच्याकडे वळा. आमच्याकडे एक रात्र तर ट्रान्समीटरच्या नळीत साचलेल्या पाण्यानं खाल्ली होती. तोवर अर्धा लिटर अँटीफोम गेलंही होतं.

रिजनरेटरलाही फेस येतो, ते बऱ्याचजणांच्या लक्षात येत नाही. तिथं रिफ्लक्सच्या पाण्याचा (वरची वाफ थिजवून परत सोडलेल्या पाण्याचा) नमुना घ्या. ते जवळजवळ कोरं पाणी असायला हवं. त्यात अमाइनचा अल्कलीपणा ठळक दिसला तर फेस वरून वाहतोय.

बाटलीची परीक्षा

यासाठी महागडं काही लागत नाही. एक लिटरचा मेजरिंग सिलिंडर, माशांच्या टाकीत बुडबुडे सोडणारा तो दगड आणि त्याचाच छोटा पंप. २०० मिलिलिटर लीन अमाइन (सीओटू सोडून टॉवरकडे परत निघालेलं द्रावण) घ्या, पाच मिनिटं हवा सोडा, फेस किती उंच चढला ते लिहा. मग पंप बंद करून घड्याळ लावा आणि द्रावणाचा पृष्ठभाग मोकळा दिसेपर्यंत किती सेकंद लागले ते लिहा. उंचीपेक्षा हा दुसरा आकडा मोलाचा आहे. आमच्या ताज्या द्रावणाचा फेस तीन-चार सेकंदांत बसतो. दहाच्या वर गेला की मी कान टवकारतो. वाईट दिवसांत आम्ही ७० सेकंदही पाहिलेत. नमुना दर वेळी एकाच तापमानाला घ्या, नाहीतर आकड्यांची तुलना फसते.

आता खरी गंमत. तोच नमुना तीन भागांत वाटा, आणि चौथा सिलिंडर रिकामा ठेवा.

पहिला भाग तसाच ठेवा. दुसरा बारीक फिल्टर पेपरमधून गाळा आणि पुन्हा फेस काढा. फेस निम्म्यावर आला तर कण दोषी आहेत: लोखंडाचं सल्फाइड, गंधक, कार्बनची भुकटी. कण स्वतः फेस आणत नाहीत, पण आलेल्या फेसाला तोलून धरतात. तिसऱ्या भागात चमचाभर ॲक्टिव्हेटेड कार्बनची पूड घाला, अर्धा तास ढवळा, गाळा. आता फेस गेला तर तेल, सेंद्रिय कचरा, साबणासारखे पदार्थ किंवा तुमचंच जुनं अँटीफोम. दोन्ही करूनही फेस तसाच राहिला तर संशय द्रावणात विरघळलेल्या क्षारांवर आणि कुजलेल्या अमाइनवर. चौथ्या सिलिंडरमध्ये नमुना नकोच. बॅरलमधलं ताजं अमाइन आणि तुम्ही रोज भरता ते मेकअपचं पाणी एवढंच घ्या. इथंच फेस आला तर टॉवरकडे बघायची गरजच नाही. दोष पाण्यात आहे, किंवा बॅरलमध्ये.

आमच्या लॅबमधल्या ताईंनी ही चौफेर परीक्षा सलग तीन आठवडे दर दोन दिवसांनी केली. त्यातून दोन गोष्टी एकदम डोळ्यांत भरल्या. गाळल्यावर फेस थोडा कमी व्हायचा, कार्बननंतर जवळजवळ नाहीसा व्हायचा. आणि फेसाचे सेकंद सारखे नव्हते. ते दर अकरा-बारा दिवसांनी उसळी मारत आणि मग हळूहळू उतरत. म्हणजे कचरा सतत थोडाथोडा येत नव्हता. कोणीतरी तो ठरावीक दिवशी आणून टाकत होतं.

नॉकआउट ड्रम

अकरा-बारा दिवस म्हणजे काय, हे कोडं केलेटच्या रजिस्टरनं सोडवलं. स्क्रबरमध्ये केलेटचा नवा कॅन ओतायचा दिवस आणि आमच्या फेसाचा दिवस, यांत एक-दोन दिवसांचं अंतर. केलेटबरोबर त्यात एक भिजवणारं द्रव्यही घालतात. गंधकाचे कण पाण्यावर तरंगत राहू नयेत, भिजून तळाला बसावेत म्हणून. गंधक भिजवणारं म्हणजे पृष्ठभागावर काम करणारं, म्हणजे आपल्या टॉवरच्या दृष्टीनं चक्क साबण.

पण ते स्क्रबरमध्येच राहायला हवं होतं. अमाइनमध्ये कसं आलं? स्क्रबरच्या डोक्यावरची डेमिस्टरची (तुषार अडवणारी) जाळी एका बाजूनं उचकटलेली निघाली. गॅस जास्त असला की त्या फटीतून बारीक तुषार पुढं जात. तरी मध्ये नॉकआउट ड्रम होताच ना! त्याचा ड्रेन उघडला. थेंबही येईना. तार घालून टोकरल्यावर आधी पिवळसर चिखल आला आणि मग वीस-पंचवीस लिटर दुधाळ पाणी. ड्रेन गंधकानं बुजलेला होता, ड्रम भरलेला होता आणि गॅस त्या पाण्यावरून अंग भिजवत थेट टॉवरमध्ये शिरत होता. लॉगशीटवर मात्र दर शिफ्टला "ड्रेन केला" अशी खूण. वाल्व फिरवलेला असणार, यात शंका नाही. बाहेर काय आलं ते बघायची रीत नव्हती.

म्हणून कोणी विचारलं की सुरुवात कुठून करू, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: अमाइनला हात लावण्याआधी टॉवरच्या अलीकडचा ड्रेन बादलीत काढा आणि त्या बादलीत वाकून बघा. पाणी स्वच्छ असेल तर पुढं जा. पिवळं, दुधाळ, तेलकट किंवा फेसाळ असेल तर तुमचा चोर सापडला. नुकसान फेसापुरतं नसतं. गंधक अमाइनमध्ये गेलं की त्याचं थायोसल्फेट होऊ शकतं, आणि ते असा क्षार बनवतं की रिजनरेटरच्या तापानंही अमाइन सुटत नाही.

वाकून बघा म्हटलं खरं, पण नाक लावू नका. या पाण्यातून आणि रिच अमाइनमधून (सीओटू धरलेल्या द्रावणातून) वायू सुटतात. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या आसपास नाकाची वास घ्यायची ताकदच मारतो, आणि सीओटू हवेपेक्षा जड असल्यानं खड्ड्यात, चेंबरमध्ये साचून राहतो. हवेत तो ४ टक्के झाला तर जिवावरचं प्रकरण आहे. गॅसचा मीटर गळ्यात असल्याशिवाय ड्रेन उघडायचा नाही, फिल्टर तर नाहीच.

थंडीच्या रात्री

ड्रेन मोकळा झाला, डेमिस्टर बदलला आणि अकरा दिवसांचं चक्र तुटलं. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. मग डिसेंबर आला आणि पहाटेचे फोन पुन्हा सुरू झाले. या वेळी केलेटच्या रजिस्टरशी काही संबंध नाही. फक्त पहाटे तीन ते सात, आणि फक्त कडाक्याच्या थंडीत.

कूलिंग टॉवरचं पाणी रात्री २० अंशांवर जात होतं. त्याचे पंखे पूर्ण वेगानं, कारण उन्हाळ्यापासून कोणी त्यांना हात लावला नव्हता. लीन अमाइन ३१-३२ अंशांना टॉवरमध्ये शिरत होतं आणि खालून येणारा गॅस ३७ चा, पाण्याच्या वाफेनं चिंब. ३७ अंशांच्या चिंब गॅसच्या दर घनमीटरमध्ये ४४ ग्रॅम पाणी असतं, ३२ ला ३४. हे दहा ग्रॅम टॉवरमध्येच गळणार. पाणी गळलं तर द्रावण पातळ होतं एवढंच, पण त्याच्याबरोबर गॅसमधली तेलकट वाफही गळते: ब्लोअरच्या तेलाचा अंश, डायजेस्टरमधून आलेली सेंद्रिय द्रव्यं. थंड पडलेल्या भातावर तूप थिजावं तशी ती अमाइनवर येऊन बसतात.

याचा नियम पुस्तकातला आहे, पण आम्ही तो विसरलो होतो. लीन अमाइन हे आत येणाऱ्या गॅसपेक्षा ५-६ अंश गरम असलं पाहिजे. दोन्हीकडचं तापमान स्क्रीनवर शेजारी शेजारी लावून घ्या आणि त्यांच्या फरकाला अलार्म द्या. एकेकट्या आकड्यांकडे बघून ही चूक दिसत नाही, कारण ३२ हा आकडा वाईट वाटतच नाही. आम्ही कूलरला बायपास दिला, रात्री एक पंखा बंद ठेवायला लागलो आणि पहाटेचे फोन थांबले. फार गरमही नको. ५० च्या वर गेलं की सीओटू धरण्याची ताकद घटते आणि अमाइन वाफ होऊन गॅसबरोबर निघून जातं.

अँटीफोम: कुठलं, किती, कुठं

आता त्या कॅनबद्दल. आमच्याकडे डिस्टिलरीतून आलेले एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. एका रात्री अँटीफोम संपलेलं होतं. मामांनी डिस्टिलरीतून टर्की रेड ऑइल मागवलं आणि ओतलं. तिथं फर्मेंटरचा फेस ते त्यानंच तर बसवत आले होते. गुऱ्हाळावर कढई उतू जायला लागली की तेलाचे चार थेंब टाकतात, तीच बुद्धी. पंधरा मिनिटं डीपी झक्क बसला. मग जे सुरू झालं ते आवरायला तीन दिवस लागले. अमाइन हे अल्कली आहे. वनस्पती तेल त्यात पडलं की त्याचा साबण होतो, आणि टर्की रेड ऑइल तर मुळातच गंधकाम्लानं पाण्यात मिसळेलसं केलेलं एरंडेल. मामांना दोष देत नाही. अमाइनचं अँटीफोम वेगळं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि संपत आलंय हे स्टोअरला कुणी कळवलं नव्हतं.

अमाइनसाठी दोन जाती चालतात: सिलिकोनची आणि पॉलिग्लायकॉलची. एक निवडा आणि तीच ठेवा. दोन्ही एकत्र करू नका. मात्रा ऐकून लोक हसतात: ५ ते १० पीपीएम. तुमच्या चकरेत एकूण १० टन द्रावण असेल तर १० पीपीएम म्हणजे १०० ग्रॅम, चहाच्या एका कपाएवढं. आम्ही लिटरनं ओतत होतो. जास्त झालेलं अँटीफोम स्वतःच फेस धरतं, आणि रिबॉयलरच्या (रिजनरेटरला ताप देणाऱ्या) नळ्यांवर चिकट थर बसवतं तो वेगळाच. ते पाण्यात किंवा लीन अमाइनमध्ये पातळ करून लीन पंपाच्या सक्शनला द्या, कार्बन फिल्टरच्या (द्रावणातला सेंद्रिय कचरा खेचणाऱ्या) पुढं. फिल्टरच्या अलीकडं दिलंत तर कार्बन ते गिळून टाकतो. सिलिकोन देताना दोन-तीन तास कार्बनचा बायपास उघडा ठेवा आणि नंतर आठवणीनं बंद करा. आमच्याकडे एकदा तो अठरा दिवस उघडाच राहिला होता.

आणि दर वेळचा डोस, वेळ, डीपी आधीचा आणि नंतरचा, हे लिहा. ज्या महिन्यात डोस दुप्पट झाला त्या महिन्यात प्लँटमध्ये काहीतरी नवीन शिरलंय, हे रजिस्टर न बोलता सांगतं.

कार्बन फिल्टरबद्दल थोडं जास्त

एकूण प्रवाहाच्या १० ते २० टक्के द्रावण सतत कार्बनमधून फिरलं पाहिजे. कार्बनच्या आधी १० मायक्रॉनचा कार्ट्रिज फिल्टर, नाहीतर कण त्याचीच छिद्रं बुजवतात. आणि नंतरही एक, सुटलेली भुकटी पकडायला.

कार्बन खरेदी करताना पर्चेसवाले पाणी शुद्धीकरणाचा, नारळाच्या करवंटीचा कार्बन आणतात, कारण त्याचं आयोडीन मूल्य (बारीक छिद्रांचा अंदाज देणारा आकडा) झकास आणि भाव बरा. पण करवंटीची छिद्रं अतिबारीक असतात. अमाइनमधली कुजलेली द्रव्यं आणि तेलं मोठ्या रेणूंची. ती आत शिरतच नाहीत. दगडी कोळशापासून केलेला, रुंद छिद्रांचा कार्बन लागतो. तो ओळखायचा मोलॅसिस नंबरवरून. साखर कारखान्यातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज पडू नये: मळीचा रंग किती खेचतो त्यावरून ठरवलेला अंक आहे तो. आमच्या स्टोअरनं वर्षभर आयोडीनचाच आकडा बघून ऑर्डर दिली.

कार्बन संपला कधी हे कळायला त्याच्या आधीचा आणि नंतरचा नमुना बाटलीच्या परीक्षेला लावा. दोन्हीकडे सेकंद सारखेच आले तर कार्बन मेला. नुसता डीपी बघत बसलात तर कळणार नाही, कारण मेलेला कार्बनही द्रावण वाहू देतोच. नवा भरल्यावर कंडेन्सेटनं धुवा, काळं पाणी थांबेपर्यंत.

कार्बननं जात नाही ते

क्षार कार्बननं जात नाहीत. फॉर्मेट, ॲसिटेट, ऑक्झलेट, थायोसल्फेट, क्लोराइड: यांनी धरलेलं अमाइन तापवून मोकळं होत नाही. फॉर्मेट आणि ऑक्झलेट येतात ते बहुधा ऑक्सिजनमुळे. सीबीजीत ऑक्सिजन कुठून, असं वाटेल. डायजेस्टरमध्ये गंधक बसवायला सोडलेली थोडी हवा, केलेट ताजं करायला फुंकलेली हवा, आणि अमाइनच्या टाकीच्या झाकणाची फट. टाकीवर नायट्रोजनचं पांघरूण नसेल तर ते आधी द्या. क्लोराइड बोअरच्या पाण्यातून येतात. मेकअपला फक्त डीएम (क्षार काढलेलं) पाणी किंवा वाफेचं स्वच्छ कंडेन्सेट, बाकी काही नाही.

हे क्षार महिन्यातून एकदा लॅबमधून तपासून घ्या. द्रावणाच्या वजनाच्या २ टक्क्यांच्या वर गेले की फेसाबरोबर गंजही वाढतो. गंजाचे कण पुन्हा फेस धरतात, आणि हे चक्र आपलं आपण फिरत राहतं. एमईए असेल तर रिक्लेमरमध्ये सोडा घालून उकळून ते ऊर्ध्वपातित करता येतं, कारण ते १७० अंशांना उकळतं. एमडीइए २४७ ला उकळतं. तिथं व्हॅक्यूम किंवा आयन एक्स्चेंजची फिरती यंत्रणा बोलवावी लागते. छोट्या प्लँटला काही वेळा द्रावणाचा चौथा हिस्सा बदलणं स्वस्त पडतं. आमचा हिशोब तसाच निघाला.

रिजनरेटरमध्ये फेस असेल तर आणखी एक सोपा उपाय आधी करून बघा. काही हलकी तेलकट द्रव्यं रिबॉयलरमध्ये उडतात, कंडेन्सरमध्ये थिजतात आणि रिफ्लक्सबरोबर परत खाली येतात. ना खाली टिकतात ना वर सुटतात. दोन-तीन तास रिफ्लक्सचं पाणी परत न पाठवता बाहेर काढा आणि तेवढं डीएम पाणी आत द्या. बरेचदा एवढ्यानं भागतं. काढलेलं पाणी मात्र ईटीपीलाच (सांडपाणी शुद्धीकरणाला).

मोठ्या प्लँटचं दुखणं

फ्लू गॅसवरच्या (बॉयलरच्या धुरावरच्या) प्लँटमध्ये चोर वेगळे, पण चोरीची रीत तीच. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात बाउंडरी डॅम वीजकेंद्राच्या तिसऱ्या युनिटला २०१४ साली वर्षाला दहा लाख टन सीओटू धरायचा प्लँट सुरू झाला. पहिल्या काही वर्षांत त्याला कोळशाच्या राखेनं आणि खराब झालेल्या, फेसाळणाऱ्या अमाइननं पुरतं दमवलं. राख अमाइनमध्ये उतरली की लोखंडासारखे धातू आणते, आणि ते ऑक्सिजनला अमाइन कुजवायला मदत करतात. आपल्याकडे तामिळनाडूत थुथुकुडीच्या सोडा ॲशच्या कारखान्यात २०१६ पासून बॉयलरच्या धुरातला सीओटू धरतात, वर्षाला ६०,००० टनांची क्षमता. तो सोडा ॲश करायला वापरतात. विंध्याचलच्या वीजकेंद्रात दिवसाला २० टनांचा प्लँट आहे. तुमचा गॅस धुराचा असेल तर वरचं सगळं लागू आहेच. फक्त नॉकआउट ड्रमच्या जागी धूर धुणारा स्क्रबर वाचा आणि बादलीत राखेचा गाळ शोधा.

खताच्या कारखान्यांतल्या, सीओटू धरणाऱ्या गरम पोटॅशच्या टॉवरलाही फेस येतो आणि परीक्षा हीच चालते. फक्त नमुना गरम ठेवा. थंड झाला की बायकार्बोनेटचे स्फटिक बसतात आणि तुम्ही भलत्याच कणांना दोषी धरता.

गेल्या हंगामात आम्हाला फेसाचे दोनच झटके आले. एक ब्लोअरचं सील गेल्यावर. तेल बादलीत आधी दिसलं, टॉवरमध्ये नंतर. दुसरा मात्र आमचाच. कार्ट्रिज फिल्टर बदलले, नवे सुती दोऱ्याचे, आणि थेट बसवले. त्या दोऱ्यावर गिरणीत विणताना लावलेलं तेलकट द्रव्य असतं, कोमट पाण्यात भिजवून धुतल्याशिवाय ते जात नाही. दोन तासांत डीपी १२० वर गेला. लॅबच्या ताईंनी बाटली लावली, कार्बनच्या पुडीनं फेस गेला, आणि त्यांनी विचारलं, "आज नवीन काय बसवलं?"